वाघजाईचं शेवाळ

लोक प्रवासाला निघतात ते देव बघायला नाहीतर डोंगर बघायला. मी एकदा शेवाळ आणायला गेले होते, आणि तेही एका देवीसाठी. हे माझ्या वडिलांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला असता. पण त्या चार दिवसांची आठवण निघाली की अजून मला कऱ्हाडचा पूल दिसतो, ओल्या गोणपाटाचा वास येतो आणि तात्यांचं "आवं बाई" ऐकू येतं. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते आहे. आता जायचं म्हटलं तरी बरोबर न्यायला तात्या नाहीत.

आष्टा

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी आष्ट्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. पावसाळ्यात भिंतीभिंतीशी भिंग लावून उभी राहायची खोड होती, त्यामुळे पोरं मला पाठीमागं 'शेवाळबाई' म्हणायची. पाठीमागं म्हणजे मला स्वच्छ ऐकू येईल इतक्या अंतरावरून.

गावाबाहेर धरणग्रस्तांची एक वसाहत होती. पाटण तालुक्यातल्या डोंगरातलं उंबरपाणी धरणात गेलं, तिथली माणसं सरकारनं इथं आणून बसवली आणि फाट्यावर पाटी लावली, 'नवे उंबरपाणी'. या नव्या उंबरपाण्यात उंबर नव्हता. पाणी होतं, पण उसाला पाजून पाजून जमिनीला मीठ फुटलेलं, त्यामुळे बोअरचं पाणी खारट. चहाला सुद्धा त्याची चव लागायची.

एका दुपारी तिथले तात्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. साठीचे, उंच, डोक्याला पिवळट पटका. ते गावच्या वाघजाईचे पुजारी. म्हणाले, "बाई, शेवाळाच्या डाक्टर तुमीच न्हवं?"

मी म्हटलं, "डॉक्टर नाही, पण विचारा."

"आमची आई उगडी पडलीया बगा."

मग त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. गाव उठलं तेव्हा वाघजाईचा तांदळा, म्हणजे तिची बिनकोरलेली शिळा, तात्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेऊन घाट उतरला. वर डोंगरात ती शिळा कायम शेवाळानं झाकलेली असे. गावात काही ठरवायचं असलं की तिच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला फुलाची एकेक पाकळी लावायची आणि कौल मागायचा. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही. आणि दोन्ही एकदम पडल्या तर देवी जागेवर नाही, फिरायला गेली आहे, नंतर या.

इथं आल्यापासून शिळेवरचं शेवाळ वाळून झडलं होतं. कोरड्या दगडावर पाकळी ठरतेच कुठं? लावली की दोन्ही घसरून खाली. दरवेळी. लोक आधी हळू आवाजात आणि मग तात्यांच्या तोंडावर म्हणायला लागले की आई पाण्यातच राहिली, तात्यानं नुसता धोंडा आणला. नव्या गावात जत्रा भरेना. लग्नं सुद्धा लोक दुसरीकडं जाऊन लावत होते. देवीच नाही त्या गावात मांडव कसा घालायचा?

"माजा ल्योक कुपवाडला कारखान्यात हाय," तात्या म्हणाले. "त्येनं हिरव्या ऑइल पेंटचा डबा आनला. म्हनला, हिरवीच पायजे न्हवं? लय शिव्या दिल्या त्येला." हसले ते, मग पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "बाई, खरं सांगू? मला बी आता वाटाय लागलंय. डोक्यावर वजन हुतं, पर आई हुती का न्हाई, कुनाला ठावं?"

मी त्यांना आधीच सांगितलं की आमचं घर बौद्धांचं. छप्पन सालानंतर माझ्या आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून कृष्णेत सोडले, तेव्हापासून आमच्याकडं देव्हारा नाही आणि मी देव मानत नाही. तात्यांनी मान हलवली. "आवं, तुमी शेवाळ तर मानता न्हवं?"

मी कॅलेंडरमध्ये सुट्ट्या बघितल्या. दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो.

कऱ्हाड

एसटीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही, तो सगळ्यांनी केलेला आहे. कऱ्हाडला मात्र पाटणची गाडी चुकली आणि आम्ही पाय मोकळे करायला नदीकडं गेलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. मी काही माहिती सांगायला तोंड उघडलं, पण तात्या पुलाच्या कठड्याला टेकून एकाच अंगाला बघत होते. कोयनेच्या.

"ह्यात आमचं बी पानी हाय," ते म्हणाले. "आमचा ओढा धरनात, धरनाचं पानी हितं. म्हंजी माज्या दारावरनं वाहून आलेलं पानी बगतुय मी."

मी म्हटलं, "इथून पुढं ते आपल्या आष्ट्याकडंच जातं."

"जातंय की," तात्या म्हणाले आणि खिशातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. ते खाईपर्यंत दुसऱ्या गाडीची वेळ झाली.

वरचं उंबरपाणी

पाटणच्या पुढं गाडी जिथं थांबते तिथून चढण. आमच्याकडं रस्ता सरळ आणि नजर उसापर्यंत. इथं पायवाट दर दहा पावलांनी मत बदलते. मी शहाणपणानं नवीन कॅनव्हासचे बूट घातले होते. पहिल्याच ओढ्यात एक पाय बुटासकट गुडघ्यापर्यंत गेला, आणि वर पोचेपर्यंत तो बूट पचपच वाजत राहिला. तात्या अनवाणी होते. ते एकदाही मागं वळून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

उंबरपाण्याची वरची वाडी धरणाच्या पाण्याच्या वर राहिली म्हणून वाचली. तिथं तात्यांची थोरली बहीण हौसाक्का दिलेली. खाली माहेर बुडालं आणि वर सासर राहिलं. अंगणात आम्हाला बघितल्यावर ती आधी रडली, मग रडणं मध्येच थांबवून तिनं गूळपाणी आणलं. आमच्याकडं पाहुणा आला की चहा ठेवतात आणि विचारतात, ऊस किती टन पडला? हौसाक्कानं विचारलं, "पाऊस किती झाला तुमच्याकडं?" तात्या म्हणाले, "झाला म्हनायचा." ती म्हणाली, "म्हंजी न्हाईच." दोघांनी बराच वेळ पावसावरच बोलून घेतलं. जे बोलायचं होतं ते त्या पावसाच्या आडून चाललं होतं, एवढं मला कळलं.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि ओल्या मिरचीचा खरडा. मी जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली. नाचणीची भाकरी पहिल्या घासाला मातकट लागली, पण तिसऱ्या घासाला मी दुसरी मागितली. हौसाक्का खूश झाली आणि माझ्या ताटात न विचारता तिसरी पडली.

दुपारी ती आम्हाला कड्याच्या टोकावर घेऊन गेली. खाली पाणी. निळं, गप्प, लांबच्या लांब. तात्या बोटानं दाखवत होते, "त्यो सुळका दिसतुय? त्येच्या खाली चिच. चिचंच्या खाली आमचं खळं. हिकडं आईचं ठान." मला पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी मी "हो, हो" म्हणत होते. काय करणार? तो माणूस इतक्या खात्रीनं दाखवत होता.

हौसाक्का हळूच म्हणाली, "तात्या, आईला वरच घिऊन ये की. आनि तू बी ये. हितं जागा हाय."

तात्या खालच्या पाण्याकडंच बघत राहिले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. या माणसाला यायचं होतं. आज, आत्ता, तसंच.

ओढ्याच्या काठी

मग माझं काम सुरू झालं. पुस्तकात शेवाळ म्हटलं की एक चित्र असतं. इथं ओढ्याच्या काठी शेवाळांची जत्रा भरलेली. झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारं एक पिवळसर, वाटेच्या कडेला मऊ गादीसारखं एक, त्याला तांबूस दांड्या आणि टोकाला इवल्या बोंड्या. आणि काळ्या कातळावर एक अगदी आखूड, गर्द, दगडाला घट्ट धरून बसलेलं. तात्यांनी सरळ लोंबणाऱ्याला हात घातला. "ह्येच. ह्येच हुतं."

"नक्की?"

"म्हंजी... हिरवं हुतं."

मी भिंग काढलं. पण भिंग मला पान दाखवणार, वाघजाईच्या अंगावर काय होतं ते कसं दाखवणार? म्हणून मी दोघांना विचारत बसले. शिळेवर सावली होती का? नव्हती, दुपारचं ऊन यायचं. मग उन्हाळ्यात ती कशी दिसायची?

"काळी," तात्या म्हणाले. "आमी म्हनायचो, आई तापलीया."

हौसाक्का म्हणाली, "आनि चैतात जत्रंला तांब्याभर पानी घातलं की तितल्या तितं हिरवी. म्हनून तर आदी पानी, मग कौल. इसरलास व्हय रं?"

माझ्या अंगावर काटा आला. देवीमुळं नव्हे. मला शेवाळ कळलं म्हणून. तिन्ही शेवाळांच्या चिमट्या घेऊन मी हौसाक्काच्या चुलीच्या कट्ट्यावर सुपात वाळत ठेवल्या. सकाळी बघितलं तर लोंबणारं दोऱ्यासारखं झालेलं, गादीवालं चुरगळलेलं, आणि कातळावरचं काळं कुळकुळीत, पानं आत वळून मुठी मिटलेल्या. तिन्हींवर थेंब थेंब पाणी सोडलं. पहिली दोन नुसती भिजली, आळसानं पसरली. तिसऱ्यानं आमच्या डोळ्यांदेखत मुठी उघडल्या आणि काळ्याचं हिरवं झालं. भिंगातून ते छोट्या छोट्या चांदण्यांसारखं दिसत होतं. मी भिंग तात्यांच्या डोळ्याला लावून दिलं.

बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये बाई, आमच्या आईचं लुगडं."

या शेवाळाला वनस्पतिशास्त्रात हायोफिला म्हणतात. मी ते नाव तात्यांना सांगितलं. त्यांनी एकदा म्हणून बघितलं आणि दोघेही हसलो.

परत

कातळावरून शेवाळाचे पातळ पापुद्रे काढले, ओढ्याच्या गाळावर घमेल्यात पसरले, वर ओलं गोणपाट. पुरेसं मागं ठेवायचं हे मी तात्यांना दोनदा बजावलं. निघताना हौसाक्कानं पुरचुंडीत नाचणीचं पीठ बांधून दिलं आणि तात्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ती आमच्याबरोबर वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

पाटणच्या गाडीत कंडक्टरनं घमेल्याला पाय लावून विचारलं, "ह्यात काय मासं हायत?"

मी समजावून सांगितलं की ही एक हरितवनस्पती आहे, हिला सावली आणि ओल लागते, जागा द्या. तो म्हणाला, "वनस्पती असू द्या न्हाईतर काय बी, लगेजचं तिकीट काडा." तेवढ्यात घमेल्यातलं पाणी शेजारच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं आणि धोतरवाल्यानं माझ्या सात पिढ्या आठवल्या. मग तात्या फक्त एवढंच म्हणाले, "वाघजाईचं हाय."

कंडक्टरनं पाय काढला, हात कपाळाला नेऊन नमस्कार केला आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवलं. धोतरवाल्यानं आपली पिशवी मांडीवर घेऊन घमेल्याला सावली केली. मी कऱ्हाडपर्यंत फुगून बसले होते. माझं सगळं शास्त्र एका बाजूला आणि हा एक शब्द एका बाजूला. तात्या खिडकीतून बाहेर बघत मिशीत हसत होते.

नवं उंबरपाणी

गाळाच्या पातळ लेपावर आम्ही शेवाळ शिळेवर बसवलं. वर उसाच्या पाचटाचं छप्पर केलं. बोअरचं पाणी घालायचं नाही, नदीचं आणायचं, सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं आणि बाकी काही करायचं नाही, असं मी बजावलं. शेवाळाची निगा म्हणजे बहुतेक करून त्याला आपल्या प्रेमापासून वाचवणं.

तात्यांना ते जमलं नाही. संक्रांतीनंतर मी गेले तर सगळं तपकिरी, चिकट. दगडाला वास येत होता. "काय घातलंत?"

तात्या जमिनीकडं बघत होते. "लवकर वाडावं म्हनून... चिमूटभर युरिया टाकला, बाई. ऊस बगा की कसा हिरवागार व्हतोय."

डोंगरात यांनी कधी युरिया बघितला नव्हता. इथं येऊन उसाचा नाद लागला आणि सगळ्या हिरव्या गोष्टींना एकच औषध असं त्यांना वाटायला लागलं. मी खूप ओरडले. एखाद्या विद्यार्थ्यावर ओरडावं तशी त्या साठीच्या माणसावर ओरडले. ते ऐकून घेत राहिले. वसाहतीत बातमी पसरली ती अशी की आईनं शेवाळ सुद्धा जाळून टाकलं.

"धोंडाच आनला बगा मी," तात्या म्हणाले. त्यानंतर ते कॉलेजकडं फिरकले नाहीत.

परत डोंगरात जायचं तर उन्हाळा तोंडावर आलेला, माझ्या परीक्षा सुरू. आणि अशात कृष्णाकाठच्या एका गावी मी लग्नाला गेले. जेवून हात धुवायला घाटावर उतरले. पाण्याच्या वरच्या पायऱ्यांच्या काळ्या दगडांवर सुकलेली काळी पुटं होती. तिथं बायका धुणं आपटत होत्या, त्यातलं पाणी एका पुटावर उडालं आणि ते हिरवं झालं.

मी नव्या साडीनिशी तिथं गुडघ्यावर बसले. पर्समध्ये भिंग होतंच. मिटलेल्या मुठी, उघडलेल्या चांदण्या. तेच. अगदी तेच. एवढा डोंगर चढून जे आणलं ते आपल्या नदीच्या पायरीवर वर्षानुवर्षं बसलेलं, आणि मी, शेवाळबाई, त्यावर पाय ठेवून कितीदा तरी गेले असेन. मला हसू आलं आणि माझा मलाच रागही आला.

दुसऱ्या दिवशी तात्यांना घाटावर घेऊन गेले. खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "तात्या, हे तुमच्याच डोंगरातून आलं असं मी म्हणणार नाही. हे शेवाळ अशा कातळावर कुठंही उगवतं. हे इथलं आहे."

तात्यांनी ओंजळीनं पाणी घातलं. शेवाळ हिरवं होताना बघितलं. मग नदीच्या वरच्या अंगाला बघत विचारलं, "ह्ये पानी कुटनं येतं, बाई?"

"कऱ्हाडकडून."

"आनि कऱ्हाडात?"

मला पुलाचा कठडा आठवला, हातावरचे शेंगदाणे आठवले. 

"मग झालं," तात्या म्हणाले. "मी आईला डोक्यावर आनलं. लुगडं तिचं ती मागनं घिऊन आली."

यात शास्त्र किती हे मला विचारू नका. मी वादही घातला नाही.

नवरात्र

पावसाळा लागल्यावर घाटावरचं शेवाळ शिळेवर बसवलं. तात्या म्हणाले, "तुमीच लावा."

"मी नमस्कार करणार नाही हं."

"कोन म्हनलं करा? हात बसलाय तुमचा, लावा." वसाहतीतले दोघं-तिघं म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "तात्या, कांबळेबाईंचा हात आईला..." तात्यांनी त्याच्याकडं वळून सुद्धा बघितलं नाही. गाळाचं भांडं त्यांनी माझ्यापुढं सरकवलं.

या वेळी युरियाची पोती त्यांनी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली. स्वतःवर भरवसा नाही म्हणाले. पाऊस उघडला तसं ते रोज सायकलवरून नदीचं पाणी आणत. शेवाळ धरलं. आधी तुकडे तुकडे, मग तुकड्यांच्या फटी भरल्या.

नवरात्रात अख्खी वसाहत छपराभोवती जमली. कुपवाडहून तात्यांचा मुलगा आला होता, डबा न घेता. तात्यांनी तांब्याभर पाणी घातलं, तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून शेवाळात बोटानं दाबल्या आणि हात मागं घेतला. पाकळ्या राहिल्या. लोकांतून एक हुंकार उमटला. आता ते विचारणार, आई, आलीस का? सगळे उजव्या पाकळीकडं बघत होते. मीसुद्धा.

तात्यांनी हात जोडले.  म्हणाले, "आई, तुला माघारी वर न्हिऊ का?"

 हौसाक्काचं अंगण, कड्याखालचं निळं पाणी, या माणसाचा तो चेहरा, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी देव न मानणारी बाई श्वास धरून उभी होते आणि कुठली पाकळी पडावी तेही मला कळत नव्हतं.

डावी पाकळी हलली. शेवाळावरून घसरली, कडेला क्षणभर अडकली आणि खाली पडली. उजवी तशीच राहिली.

नाही.

बायका रडायला लागल्या, कुणीतरी हलगी आणायला धावलं. तात्यांनी पटका सोडून डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. "र्‍हाती म्हनतीया," ते म्हणाले. "मग आता मला बी ऱ्हायला पायजे."

मी नमस्कार केला नाही. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, तेवढं शेवाळावर शिंपडलं.